खिडकीजवळचं बसकर

गेंट, बेल्जियम
६ ऑक्टोबर २०२४

ती. सारजाआत्यास,
करिष्माचा प्रभूच्या नावात सलाम व सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कागदावर लिहायचं आणि त्याचा फोटो काढून मोबाइलवर धाडायचा, ही तुझी युक्ती मला फार आवडते. कानाला कमी ऐकू येतं म्हणून तू फोनवर बोलत नाहीस, यात माझाच फायदा झाला. माझ्याबरोबरच्या नर्सांना घरून फोन येतात आणि ते बोलून संपतात. मी मात्र तुझं पत्र आठवडाभर पुरवून वाचते. अक्षर अजून अंगणवाडीच्या फळ्यावरच्यासारखंच टपोरं आहे.

आता इथल्या चर्चची हकीकत. इथे सगळे देशोदेशींचे लोक. एका बाकावर घाना, दुसऱ्यावर फिलिपिन्स, तिसऱ्यावर इंग्लंड, आणि मधे मी एकटी बीड जिल्हा. आज हंगामाचा सण झाला. लोकांनी वेदीपुढे भोपळे आणि सफरचंदं मांडली, मी ज्वारी ठेवली. एका इंग्रज आजोबांनी विचारलं की ही पाखरांसाठी आहे का. मी सांगितलं की हो, बीडच्या पाखरांसाठी. पुढे नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाची उपासना आहे, मग नाताळाचा बाजार. त्यात करंज्या करायचं मी कबूल करून बसले आहे, तेव्हा सारणाचं ताबडतोब कळव.

आणि मुख्य काम. नाताळाच्या आधीच्या रविवारी आमच्या पाळकबाई हेलन यांनी ‘घरची मंडळी’ नावाचा कार्यक्रम ठरवला आहे. प्रत्येकाच्या गावच्या चर्चला व्हिडिओ कॉल लावायचा आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी पाहायचं. आपली वाडीही दिसणार! तेव्हा सगळ्यांना गोळा कर, ढोलकी काढ आणि एखादं चांगलं गीत बसव.

शांतवन कसा आहे? तुझं ते लाडकं लेकरू पुण्याला नोकरीला लागलं तेव्हापासून माझे मेसेजही वाचत नाही. त्याला म्हणावं, बहिणीला विसरलास तर नाताळाची भेटही विसर.

लोभ आहेच, तो माझ्या करंज्या फुटल्या तरी तसाच राहू द्यावा.

तुझी,
करिष्मा

•

वाडी, ता. केज, जि. बीड
१७ नोव्हेंबर २०२४

चि. करिष्मास,
आत्याचे अ. उ. आ. प्रभू तुला परमुलखात सांभाळो.

सारणाचं खोबरं आधी भाजून घे आणि करंजीची कड नीट दाबून बंद कर. तुझ्या बापाला, आपल्या दादाला, माझ्या हातच्याच करंज्या लागायच्या. तो जाऊनही बरीच वर्षं झाली, पण तळण काढलं की पहिली करंजी अजून त्याच्या नावाने बाजूला पडते. तुमच्याकडे बाई पाळक आहे हे मी शेजारच्या सुंदररावांना सांगितलं. बिचारे अंथरुणाला खिळलेत, पण ते ऐकून उठून बसले.

बाळे, तू उंटावरून शेळ्या हाकते आहेस. नाताळाला इथे आहे कोण? दिवाळी झाली आणि टोळी निघाली. रतनबाई, तिचा अभिमन्यू, सगळे ऊस तोडायला कर्नाटकाच्या हद्दीपाशी गेले. उन्हाळा लागेपर्यंत परत नाहीत. मागे राहिलो मी, सुंदरराव आणि चार म्हाताऱ्या. त्यांना प्रभूच्या देवळाची पायरी चढवत नाही. रोज संध्याकाळी मी एकटीच दार उघडते, प्रार्थना करते आणि दार लावते.

बसकरं मात्र आहेत. तिकडे बाकावर बसून विसरली असशील म्हणून लिहिते. उसाला जाताना प्रत्येकाने आपलं गोधडीचं बसकर देवळात आपल्या जागेवर अंथरून जायचं. माणूस कुठेही असो, मंडळीत त्याची जागा धरलेली राहते. कोणी मेलं तरच ते उचलायचं आणि पेटीत त्याच्या डोक्याखाली द्यायचं. दादाचं मीच दिलं होतं. खिडकीजवळ, शांतवनच्या बसकराशेजारी, त्याच्या जागेवर तेव्हापासून उघडी फरशी आहे.

आता मनातलं लिहिते. शांतवन पुण्याला नाही. मी तुला खोटं लिहिलं होतं. गेल्या हंगामात तोही टोळीबरोबर गेला होता. तिथे मुकादमाशी त्याचं वाजलं आणि तो सकाळीच फडातून एकटा चालत निघाला, तो कुठे पोचलाच नाही. फोन बंद. पोलिसांनी तक्रार घेतली, टोळीने नदीकाठ पाहिला, विहिरी पाहिल्या. तुला तिकडे घोर नको म्हणून कळवलं नाही.

बीडहून पाळक येतात ते म्हणतात की स्मरणाची उपासना करून शांतवनचं बसकर उचलू या, तुमच्या मनाला शांती मिळेल. सुंदररावही म्हणाले की लई दिस झाले, आता न्हाई यायचं पोरगं. मी बसकरावर बसून राहिले, उचलू दिलं नाही. शेवटी नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारचं कबूल केलं आहे. जिवंत पोराचं बसकर पुरलं तर मी कसली आई, आणि मेलेल्या पोराला तसंच वाऱ्यावर ठेवलं तरी कसली आई? जीव टांगणीला लागला आहे बघ.

तू फोन लाव. मी एकटी गाईन. ती हिरवी खूण दाबायला येते मला.

माझ्यावर रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
सारजाआत्या

•

गेंट
२२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सलाम व सा. न. वि. वि.

आत्या, मी एकाच वेळी रडते आहे आणि हसते आहे. शांतवन आला आणि तू मला एका ओळीने कळवलं नाहीस! तुझं मागचं पत्र आल्यापासून मला घास गोड लागत नव्हता. इथल्या स्मरणाच्या उपासनेत त्याचं नाव द्यावं की नाही, याने माझं डोकं फिरायची वेळ आली होती. मी दिलं नाही. बरं झालं!

मी हेलनबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं की आमच्या देवळात एकच म्हातारी दिसेल, कोणी हसू नका. आणि पडद्यावर पाहते तर देऊळ भरलेलं. तू फोन बायबलच्या स्टँडला टेकवलास, वेदीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसलीस, डोळे मिटलेस, आणि तुझ्यामागे सगळी वाडी. रतनबाईने हिरवं लुगडं नेसलं होतं. अभिमन्यू ढोलकीवर होता. आणि खिडकीपाशी शांतवन. वाळलाय गं. केस ओले होते, नुकताच नदीवरून आल्यासारखे.

मुकादमाने सगळ्यांना नाताळाला सोडलं तरी कसं? आमची मंडळी तर थक्क झाली. इतकं सुरात आणि इतकं संथ गाणं इथे कोणी ऐकलं नव्हतं. फक्त एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. इतकी माणसं, पण कोणी खोकलं नाही, कोणी पदर सावरला नाही, मोबाइलकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही. मी हात हलवला तर शांतवननेही नाही. गीत संपलं तशा सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या आणि कॉल तुटला.

लाजला असेल. त्याला म्हणावं बहीण रागावली नाही. त्याला मनसोक्त करंज्या घाल आणि माझा लोभ त्याच्यापाशी पोचता कर.

तुझी,
करिष्मा

•

वाडी
२६ डिसेंबर २०२४

चि. करिष्मास अ. उ. आ.

बाळे, देवळात कोणी नव्हतं.

ढोलकी खुंटीवर आहे. तिचं चामडं पावसाळ्यातच फाटलं. मी डोळे मिटून एकटी गायले. मला माझाच आवाज नीट ऐकू येत नाही, मग दुसऱ्यांचा काय येणार. पण एक खरं सांगते. गाताना पाठीला ऊब लागत होती, भरल्या देवळात लागते तशी. मला वाटलं दारातून ऊन आत आलं. मग आठवलं की शेळ्या शिरतात म्हणून दार मीच लावून घेतलं होतं.

तुझं पत्र घेऊन मी सुंदररावांकडे गेले. त्यांनी रतनबाईला फोन लावून दिला आणि तिचं बोलणं मला मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली की त्या दुपारी मोळी बांधता बांधता तिचे हात थांबले, गीत आपसूक तोंडात आलं आणि सगळी टोळी फडात उभी राहून गायला लागली. मुकादम ओरडला की कावून थांबलात, पण त्याचं ओरडणं आपल्याला लांबून आल्यावानी वाटलं, असं ती म्हणाली. तिच्या अंगावर लुगडंही हिरवंच होतं.

आता तूच विचार कर. रतनबाई जिवंत आहे, अभिमन्यू जिवंत आहे. शरीर उसात आणि जीव देवळात, एवढंच झालं. मग त्यांच्यात दिसलेला माझा शांतवनही कुठेतरी जिवंतच असणार. मी पाळकांना निरोप धाडला की रविवारी बसकर उचलायला येऊ नका. कित्येक महिन्यांनी मी पोटभर जेवले. नाताळाचं तळण काल राहून गेलं होतं, ते आज काढलं.

पण रात्र झाली की मनात एक किडा वळवळतो. म्हणून विचारते. तुला तिथे दादा दिसला का? कोणी गेलेलं माणूस त्यांच्यात होतं का? आणि शांतवन आपल्या बसकरावरच बसला होता ना? नीट आठव, तिथल्या लोकांना विचार. माझं मन राखायला लिहू नकोस. तू नर्स आहेस, रोग्याच्या आईला खरं कसं सांगतात ते तुला ठाऊक आहे.

उत्तर लवकर धाड, एवढी माया कर.

तुझी,
आत्या

•

गेंट
३१ डिसेंबर २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र मी लिहून लिहून फाडलं. खोटं लिहिणं सोपं होतं. माझ्याने लिहवलं नाही.

आमच्या चर्चमध्ये कार्यक्रमाची चित्रफीत ठेवली आहे. ती मी हेलनबाईंच्या शेजारी बसून पाहिली. त्यात तू एकटी आहेस. तुझ्यामागे नुसती बसकरं आणि तुझा एकटीचा आवाज. हेलनबाईंनी माझा हात घट्ट धरला, कारण त्या दिवशी त्यांनीही भरलेलं देऊळ पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं.

दादा होते, आत्या. मला त्या दिवशीही दिसले होते. मला वाटलं की सणाच्या दिवशी आठवण आली, म्हणून डोळ्यांनी फसवलं. म्हणून लिहिलं नाही. मांडीवर ताल धरून ते गात होते, अगदी तसेच.

घानाच्या ग्रेसबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. फक्त विचारलं की खिडकीपाशी काय पाहिलं ते आठवतं का. त्या म्हणाल्या की सगळे गोधड्यांवर बसले होते, पण खिडकीजवळचा तो तरुण मुलगा थंड फरशीवर का बसला होता? त्याची गोधडी तर शेजारीच रिकामी होती. एक वयस्क माणूस त्याला खेटून बसला होता, तोही फरशीवरच. त्यांनी हे विचारलं आणि माझ्याही डोळ्यांपुढे ते जसंच्या तसं उभं राहिलं. तो बसकरावर नव्हता, आत्या. दादांच्या मांडीला मांडी लावून उघड्या फरशीवर बसला होता आणि बसकराकडे बघत होता.

दादांचं बसकर तू त्यांना दिलंस. शांतवनला त्याचं कोणी दिलेलं नाही. तू धरून बसली आहेस, म्हणून त्याला ते घेता येत नाही.

मी फार दूर आहे आणि तुला कुशीत घेता येत नाही, याचं मला किती दुःख होतं ते कसं लिहू? त्याचे केस ओले होते, आत्या. तिथे थंडी असेल. त्याचं बसकर त्याला दे.

माझ्यावरचा लोभ आटला तरी मी समजून घेईन.

करिष्मा

•

वाडी
६ जानेवारी २०२५

चि. करिष्मास अ. उ. आ.

तुझ्यावरचा लोभ कशाला आटेल, वेडे? तू सांगितलंस म्हणून माझं पोर एका रात्रीपुरतंच आणखी गारठलं.

पाळकांना परत निरोप धाडला. ते दुसऱ्याच दिवशी बीडहून जीपने आले. मी कोणाला हात लावू दिला नाही, बसकर मीच उचललं. मग शेजारच्या फरशीवर हात ठेवला. ती ओली होती. पुसली, तर परत ओली झाली. पाळकांनी पाहिलं आणि प्रार्थना सुरू केली.

दादाच्या शेजारी खड्डा खणून घेतला. पाळकांनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं की पेटी रिकामीच पुरायची का. मी म्हटलं की रिकामी कुठं हाय, बसकर हाय की तिच्यात. संध्याकाळी देवळात गेले तेव्हा खिडकीपाशी दोन उघड्या जागा होत्या आणि फरशी कोरडी होती. तिथे बसून मी मोठ्याने रडले. इतके दिवस रडायचीही चोरी होती, जिवंत पोरासाठी कसं रडायचं म्हणून.

तुमच्या हेलनबाईंना माझा सलाम सांग आणि पुढच्या नाताळाला परत फोन लावायला सांग. त्या वेळी मी वेदीकडे तोंड करून बसणार नाही आणि डोळेही मिटणार नाही. पाळक रागावले तरी चालतील.

तोवर तुझी माया इकडे येत राहू दे. घरी आता वाचायला मी एकटीच आहे.

तुझी,
सारजाआत्या