दुसऱ्या मोटारीचा तोटा

देऊळगाव राजा,
ता. १४ फेब्रुवारी १९४४

चिरंजीव शालिग्रामराव यांस उत्तमरावांचे मनापासून आशीर्वाद.

आम्ही सुखरूप आहोत. तुमच्या सासूबाईंचा गुडघा थंडीने दुखतो, पण त्या बसतात कुठे! दुकानात कापड थोडे, गिऱ्हाईक फार. वडनेरला तुमचा कापूस कसा उतरला? आमच्या लेकीची, कोकिळाची तब्येत कशी आहे? बऱ्याच दिवसांत पत्र नाही.

एक बातमी आहे. दोन वर्षांपूर्वी बुडालेल्या आपल्या दोघांच्या भागीतल्या मोटार सर्व्हिसमध्ये माझ्या वाट्याला आलेला तोटा मी इन्कमटॅक्सच्या कागदांत दाखवलाच नव्हता. दुकानाच्या नफ्यावर पुरा कर भरला. तुळशीराम वकिलांनी परवा जुने कागद चाळले. म्हणाले, "अहो, हा तोटा नफ्यातून वजा होते. त्या सालचा हिशेब दुरुस्त करून द्या, कर वापस मिळते. दाखवला काऊन नाही?"

मी म्हटले, राहून गेला.

अर्ज केला. इन्कमटॅक्सचे साहेब बुलढाण्यास मुक्कामी होते, तिथे बोलावणे आले. सोबत वकील आणि माझा पुतण्या अर्जुन. साहेबांनी विचारले, "पेट्रोलचे रेशनिंग लागलेले. पहिली मोटारच जेमतेम चालत होती. मग दुसरी कोणी घेतली?"

इथवर लिहून मी दोनदा दौत बंद केली.

शालिग्रामराव, तुम्ही मला दुकानाच्या पायरीवर बसून सांगितले होते, "मामाजी, दुसरी मोटार नका घेऊ. पेट्रोल मिळून नाही राह्यलं." मी तुम्हाला भित्रे म्हणालो आणि मोटार घेतली. धंदा बुडाल्यावर सारे भाऊबंद म्हणाले, जावयाने बुडवले. मी गप्प बसलो. तोटा कागदावर आला असता तर कोणीतरी हाच प्रश्न विचारला असता, म्हणून तो लपवला. तुम्ही मात्र एका शब्दाने मला उघडे पाडले नाही. कोकिळा माहेरी येताना तिला आमच्या वेशीपर्यंत पोचवून तिथूनच परत फिरत राहिलात.

साहेबांपुढे अर्जुन पटकन म्हणाला, "आमच्या जावयानं घेतली, साहेब."

मी म्हटले, "नाही. मीच घेतली. जावई नकोच म्हणत होते."

साहेबांनी मान वर न करता तेवढे लिहून घेतले. तोटा मंजूर झाला. चारशे दहा रुपये परत मिळतील.

घरी येऊन तुमच्या सासूबाईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं पोराले खाली मान घालून चालवलं तुम्ही." संध्याकाळी मीच चारही भाऊबंदांच्या घरी जाऊन खरे काय ते सांगून आलो.

आपला ड्रायव्हर सईद काल भेटला. त्याचा थकलेला पगार देण्यासाठी तुम्ही बैलजोडी विकलीत, हे मला त्याच्याकडून कळले. परत मिळणाऱ्या रकमेतून जोडी घ्यावी, ही विनंती. तेवढ्याने माझी चूक भरून निघणार नाही, हे मी जाणतो.

रविवारी वडनेरला येतो आहे. आत बोलावलेत तर बसेन. नाही बोलावलेत तर ओट्यावरूनच तुमच्याशी दोन शब्द बोलून परतेन.

तुमच्यापुढे मान खाली घातलेला,
उत्तमराव