दोघींच्या बदल्यात इरा

३ नोव्हें., सोमवार
आज गुडघे लई बोलतात. आयर्लंडातल्या ह्या मलिंगारात ऊन न्हाईच, नुसता उजेड. तरी नातीकडं बघितलं की बरं वाटतं. तेरा वर्षांची इरा, बास्केटबॉल खेळून खेळून चौकटीला टेकायला आलीय. सूनबाई म्हणते, "आई, दृष्ट लावू नका." मी कशाला लावीन!

शाळेतनं आली ती फुगूनच. क्लबात पोरींच्या दोन टीमा, लाल अन् निळी. निळीत उंच कुणी न्हाई, म्हणून कोचबाईनं इराला लालमधनं निळीत टाकलं. बदल्यात निळीतल्या दोन बुटक्या पोरी लालला. "आजी, मला देऊन टाकलं." मी म्हटलं, अगं, एकीला दोन आल्या, म्हणजे तुझा भाव केवढा! हसली न्हाई.

८ नोव्हें., शनि.
मॅच बघायला गेले. लाल विरुद्ध निळी. बाकडं बर्फासारखं. लालला मिळालेल्या त्या दोघींना निरखून घेतलं, बोहारीण जुनी साडी उजेडाला धरती तसं. एक नुसती भिंगरी. दुसरीची लेस सारखी सुटती, पण चेंडू सोडत न्हाई. इरा खांबासारखी उभी, निळीतलं कुणी तिला चेंडूच देईना. नव्या घरात असंच असतं. लाल जिंकली.

गाडीत माझ्या तोंडातनं गेलं, "लालला सौदा बरा जमला गं." सूनबाईनं आरशातनं डोळे वटारले. बोहारणीशी घासाघीस करून धार आलेली जीभ, आवरती कुठं. इरा खिडकीबाहेर बघत बसली. घरी येऊन बूट प्रेसमधे टाकले, प्रेस म्हणजे इथलं कपाट. म्हणाली, "आय ॲम डन."

म्हणजे संपलं.

११, मंगळ
प्रॅक्टिसला गेली न्हाई. माझ्यामुळं. भाकरी करपली.

१२, बुध
तिचे केस विंचरताना सांगितलं. मला पण दिलेलं गं बदल्यात. साटंलोटं म्हणतात. माझ्या भावाला कमळ, कमळच्या भावाला मी. ती माझी नणंद बी अन् भावजय बी. दोघी एकमेकीला वैनी म्हणतो. सतरा वर्षांच्या होतो.

"जस्ट वन? तुझ्या बदल्यात एकच?" लई दिसांनी हसली.

मग म्हणाली, "कोण जिंकलं?"

काय सांगू. माझा भाऊ गाय. हे तापट, देव त्यांचं भलं करो. पण मी माहेरी कधी चकार शब्द काढला न्हाई. काढला असता तर माहेरच्यांचा राग कमळवर निघाला असता. इकडं चटका बसला की तिकडं फोड, असा तो सौदा. हे पोरीला कुठं सांगायचं...

कमळला कधी विचारलं न्हाई, एवढंच म्हटलं. इरा म्हणाली, "तिला विचार. तू विचारलंस तर मी शनिवारी जाईन."

१३, गुरु
कराडला फोन लावला. कमळला आधी दाढ विचारली, मग ऊस, मग तिची सून. शेवटी म्हटलं, "वैनी, आपल्या सौद्यात भलं कुणाचं झालं?"

तिनं तिकडचा टीव्ही बंद केला.

"आत्ता विचारतीस व्हय?" म्हणाली. मग, "थांब, दूध उतू चाललंय. मागनं करते."

तिच्याकडं दूध सकाळी तापतं. तिथं संध्याकाळ होती.

१५, शनि.
फोन न्हाई आला. इराला खरं तेच सांगितलं. विचारलं, पण उत्तर न्हाई. म्हणाली, "विचारलंस ना? ग्रँड." ग्रँड म्हणजे इथलं 'बरं'. अन् प्रेसमधनं बूट काढले.

परत तेच बाकडं, तीच लाल. शालीत फोन थरथरला. कमळ. तेवढ्यात कुणीतरी इराला चेंडू दिला, पहिल्यांदाच. दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी, अन् समोर ती भिंगरी उड्या मारतीय. मी फोन तसाच मुठीत दाबून धरला.

निळी हरली. इरा उंबऱ्यापासनं जेवेपर्यंत बोलत होती.

कमळचे तीन फोन येऊन गेलेत. दमले आज. फोन उशाशी ठेवलाय. उद्या करीन म्हणते.