न शिंकलेले दोघे

आई, ज्यानं तंबाखूच्या वखारीच्या दारात तुझ्या थोबाडीत मारली त्याचं वकीलपत्र मी घेतलं होतं. दचकू नकोस. त्याला सोडवायला नव्हे, अडकवायला घेतलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यानं बेंगळूरहून कुणीतरी बडा वकील आणला असता आणि मिशीला पीळ देत बाहेर आला असता. म्हणून म्हटलं, या अण्णा, बसा, चहा घेणार का?

आता त्याला सगळे अण्णाच म्हणतात. तेव्हा तो मालकाचा भाचा होता, पंचविशीतला, तेल लावून भांग पाडलेला. संध्याकाळी तुम्ही बायका सुटलात की दारात उभा राहून, कुणी तंबाखू चोरून नेतेय का म्हणून एकेकीचा डबा उघडून बघायचा. पुढं मालक गेला, वखार याच्या हातात आली आणि तंबाखूपेक्षा जास्त पैसा देणारे धंदे तिच्या आडोशाला सुरू झाले. सीमेपलीकडं बंदी असलेल्या गुटख्याच्या गाड्या, हायवेवरच्या ढाब्यांचे हप्ते, आणि आड येईल त्याचे हातपाय मोडायला पाळलेली माणसं. दोन खून त्यानं करवले हे निपाणीतलं शेंबडं पोरही सांगेल, पण कोर्टात येऊन सांगणारा एक निघाला नाही. आणि बघ कसं असतं, म्हातारपणी तो सापडला ते जो खून त्यानं केलाच नाही त्यात. त्याच्या भागीदाराला भर दुपारी त्याच वखारीत लोखंडी गजानं मारलं. मारणारी टोळी दुसरीच, याच्या गाड्यांच्या वाटेवर डोळा ठेवून बसलेली. डोळ्यांनी बघितलेला साक्षीदारही त्यांनीच उभा केला, मच्छे गावातल्या कारखान्यातला एक फिटर.

हिंडलग्याच्या जेलमध्ये अण्णा पहिल्यांदा माझ्यासमोर बसला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं नाही, उजव्या हाताकडं बघत होतो. म्हणाला, "वकीलसाहेब, जन्मात लई केलं, पर ह्ये म्या केल्यालं न्हाय. आईशप्पत." मला ते माहीत होतं. फाईल वाचली त्याच दिवशी कळलं होतं. फिटरचा जबाब असा, की जेवणाची सुट्टी झालेली, तंबाखू चाळायचं मशीन नुकतंच थांबलेलं, तो अण्णाला भेटायला आत शिरला, अण्णाचं आणि भागीदाराचं भांडण ऐकून पोत्यांच्या थप्पीमागं लपला आणि अर्धा तास आवाज न करता सगळं बघत बसला. अर्धा तास! आई, तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. चाळण थांबली तरी तासभर तंबाखूच्या धुळीचा तो बारीक खकाणा हवेतच असतो, आणि नाकाडोळ्यांत गेला की मिरची पूड परवडली. नवीन आलेली बाई पहिले आठ दिवस शिंकून, खोकून, उलट्या करून अर्धी व्हायची, तूच सांगायचीस. हा फिटर तिथं दोन मिनिटं गप बसला नसता. पोलिसांना ते सुचलं नाही, सरकारी वकिलांना नाही, ते सगळे बाहेरचे. अण्णालाही सुचलं नाही, कारण जन्म त्यातच गेलेल्या माणसाला दुसऱ्याला शिंक येते याची आठवणच राहत नाही. मी तो जबाब त्याला नीट वाचूनही दाखवला नाही. "माझ्यावर सोडा," म्हटलं. मला करायचं ते एवढंच होतं, की तो एक प्रश्न कोर्टात विचारायचा नाही. मग जन्मठेप ठरलेली होती.

मला शिंक येत नाही ती तुझ्या शनिवारांमुळं. सकाळची शाळा सुटली की मी वखारीत येतोय, तू फडकं सोडतेस, भाकरी आणि खर्डा आपण दोघं खातोय, मग संध्याकाळपर्यंत मी पोत्यांवर लोळतोय. त्या शनिवारी सुट्टी झाली आणि मी तुझ्या पुढं पळत दाराबाहेर गेलो. वळून बघतो तर त्यानं तुझा डबा उलटा केलेला. खाली भाकरीचं फडकं आणि मूठभर तंबाखू. तो तुला काहीतरी विचारतो, तू मान हलवून काहीतरी सांगतेस, आणि त्याचा हात उठतो. तीसेक बायका बघत उभ्या होत्या, एकीनंही तोंड उघडलं नाही. घरी येऊन तू चूल पेटवलीस, भात टाकलास. गाल टम्म फुगलेला. मी विचारलं, दुखतंय का? "न्हाय रं. जेव गप." त्यानंतर एकाही वखारीनं तुला घेतलं नाही. नळावर बायका तुला चोरटी म्हणायच्या. तू घरात विड्या वळत बसलीस, खोकत बसलीस, आणि मी दहावीला असताना गेलीस. वकील व्हायचं मी त्याच आठवड्यात ठरवलं, आणि न्यायाबियाची मला काही पडलेली नव्हती. मला त्या माणसाला मातीत घालायचं होतं.

फिटरच्या उलटतपासणीला मी उभा राहिलो तो दोन-चार मिळमिळीत प्रश्न विचारून खाली बसायला. त्याचं नाव-गाव विचारलं, पगार विचारला. मग सहज विचारलं, "वखारीत काही त्रास झाला का?" तो हसला. म्हणाला, "त्रास कसला साहेब, गोडाऊनच ते. निवांत बसलो." निवांत! आई, माझं डोकंच फिरलं. तुझी छाती ज्या धुळीनं पोखरली तिथं हा गडी निवांत बसला होता म्हणे. मुद्देमालात रक्ताचे डाग असलेलं, अर्धं भरलेलं पोतं होतं. जज्जसाहेबांची परवानगी घेतली, पोतं साक्षीदारासमोर आणलं, "ह्याच्याच मागं होता ना, नीट बघा," म्हटलं आणि तोंड सोडून पंख्याखाली चांगलं झटकलं. पहिल्यांदा टायपिस्ट शिंकली. मग सरकारी वकील, मग पट्टेवाला, मग रुमाल शोधता शोधता जज्जसाहेब. फिटर तर कठडा धरून वाकला, डोळ्यांतून-नाकातून धारा, थांबता थांबेना. "अर्धा तास बसला होता ना?" मी विचारलं. सगळ्या कोर्टात दोघेच शिंकले नाहीत, मी आणि पिंजऱ्यातला तो. आणि तो साक्षीदाराकडं बघतच नव्हता, माझ्याकडं बघत होता.

तो सुटला. गेल्या आठवड्यात ऑफिसात आला, माणसं बाहेर ठेवून एकटाच आत. बसायच्या आधीच म्हणाला, "तुम्ही वखारीतलं हाईसा. कुणाचं?" याचं उत्तर द्यायची तयारी मी चाळीस वर्षं केली होती. तुझं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, शनिवार सांगितला. म्हटलं, तुला गाडायला वकीलपत्र घेतलं होतं रे भाडखाऊ, त्या फिटरच्या एका शब्दानं वाचलास. मला वाटलं तो पाया पडेल, नाहीतर चिडेल तरी. तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "ध्यानात हाय माझ्या. पोरगं तुमी पळत गेलता म्हणून त्या बाईला म्या इचारलं, पोरानं घातली का डब्यात? व्हय म्हणाली असती तर तुमचा कान पिळून सोडलं असतं. ती म्हणाली, न्हाय, म्याच घेतली. मग मारली."

मी त्याला हाकलून दिलं. पाण्याचा तांब्या फेकून मारला, तो दारावर आपटला. राग तिळभर कमी झालेला नाही, तसं समजू नकोस. पोरगं असो नाहीतर बाई, त्यानं हात उचलायचा नव्हता. आणि ते दोन खून त्याचेच आहेत. त्यातल्या एकाची विधवा रोज गणपतीच्या देवळापाशी हार विकते. परवा तिच्याकडं गेलो होतो. माझ्याकडं बघून थुंकली. बरोबरच आहे तिचं. मी पुन्हा जाणार आहे. त्याचं वकीलपत्र घेतल्यामुळं मला तिचा वकील होता येणार नाही आता, पण तिला चांगला वकील शोधून देता येईल, आणि तो मी देणार.

पण तो गेल्यापासून मी दुसराच विचार करतोय. त्या शनिवारी घरी आल्यावर तू मला काही विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही, पुढच्या सहा वर्षांत नाही, खाटेवर पडून राहिलीस तेव्हाही नाही. मला वाटायचं तुला ठाऊकच नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना प्रश्न विचारून पोट भरलं आणि तू तो एक प्रश्न गिळून बसली होतीस हे मला त्या हरामखोराच्या तोंडून कळावं.

हे पत्र त्याच्याच फाईलमध्ये बांधून ठेवतोय, दुसरं कुठं ठेवू? गल्लीतला म्हातारा मूठभर तंबाखूला दोन भोवरे देणार होता. भाकरीच्या फडक्याखाली मीच घातली होती, आई.