ओझरचा मुक्काम

१ डिसें., सोमवार
वेळापत्रक आलं. तिन्ही पेपर नारायणगावच्या कॉलेजात, १६-१७-१८, तिन्ही दुपारचे. सुटणार पाचला. सकाळी ठेवले असते तर यांचं काय जळत व्हतं? ना.गावहून आळेफाटा, तिथून आमच्या आणे गावाची गाडी, उतरंस्तोवर काळाकुट्ट अंधार. मग स्टँडवरून वस्तीपर्यंत चालत. दोन्ही अंगाला जोंधळा डोक्याच्या वर गेलाय. आणि त्यात ज.

ज. एवढंच लिहीन. दिवेलागणीनंतर त्या ठिपकेवाल्या जनावराचं नाव आमच्यात कुणी काढत न्हाई.

मागल्या साली दोन पेपर असेच बुडाले. वस्तीवर वनखात्यानं पिंजरा लावलेला, रस्त्यानं कुणी चालंना. ह्यांनी तेव्हाच सांगितलं, पुढल्या साली पण असंच झालं तर पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर. मस्करी करायचा माणूस न्हाई तो.

२ डिसें., मंगळवार
अभ्यासकेंद्राचे सर म्हणाले, रोज चार ओळी लिहा मावशी, हात वळंल, न्हाईतर तीन तास पुरायचे न्हाईत. म्हणून ही वही. सातवीत शाळा सुटली ती आत्ता मुक्त विद्यापीठातनं बी.ए. पहिलं वर्ष. अंगणवाडीत खिचडी शिजवते आणि पोरांची नाकं पुसते. सेविका मॅडम आज हसून म्हणाल्या, "मावशी, डिग्री घेऊन काय खिचडीत टाकणार का?" मी म्हणलं, टाकीन, तुमाला पण वाढीन.
हात मात्र दुखतोय.

४ डिसें., गुरुवार. दत्तजयंती
मार्गशीर्षातला गुरुवार, उपास. पूजा मांडली. हिरा हळदीकुंकवाला आली. हिरा म्हणजे माझी चुलत जाऊ, पलीकडचं घर. गेल्या महिन्यात तिच्या गोठ्यातून ज.नं कालवड ओढून नेली, तेव्हापासून रात्री पडवीत पाऊल टाकत न्हाई. पण मला मीटिंगहून उशीर झाला की काठी घेऊन स्टँडवर हजर. येताना सारखी बडबड. गप चालायचं न्हाई असा नेम हाय तिचा. माणसाचा आवाज ऐकला की ते बाजूला व्हतं म्हणती. आवाज थांबला की...

तीन दिवस ओळीनं तिला त्या अंधारात कशी बोलवू? तिची लेकरं लहान. ह्यांचा दुधाचा टेम्पो नेमका त्याच टायमाला फिरतो. गवळी एक दिवस सुट्टी देईल, तीन न्हाई.
मग ना.गावलाच राहायचं. कॉलेजच्या जवळ. कुठं?

७ डिसें., रविवार
ह्यांच्याशी बोलले. आधी ताट सरकवलं. मग म्हणाले, "हाटेलात राहणार? एकटी?"
मी म्हणलं, तुमी येता का? मग दोघं राहू.
ताट परत ओढून घेतलं.
लॉज हा शब्द मी मुद्दाम काढला न्हाई. आमच्याकडं हाटेल म्हणजे चहा-भजी. लॉजवर गेली म्हणलं की झालं, बाईची गोष्ट तिच्याआधी गावात पोचती.
शेवटी म्हणाले, "राहा. पण कुणाला कळता कामा नये."

८ डिसें., सोमवार
हिरालाच सांगितलं पेपराचं, राहायची पंचाईत हाय म्हणून. ती म्हणाली, "आक्का, डोकं हाय का न्हाई तुमाला? ओझरला भक्तनिवासात मुक्काम करा. आमचे जात्यात की मंगळवारी मुक्कामी. कुणी काय म्हणतं का?"
खरंच. बबन भावजी, तिचे मालक, दर एकदोन मंगळवारी ओझरला. गणपतीचा माणूस. कपाळावर कायम शेंदूर.
खरोखर ओझरलाच राहिले असते, पण तिथून कॉलेजला वेळेवर वाहन मिळंल का, ह्याची धास्ती. पेपर चुकला तर देव काय लिहून देणार हाय?
म्हणून लोकांना नुसतं ओझर सांगायचं, हिराला पण. ह्यांना पटलं. आता सगळी वस्ती म्हणती, आक्का तीन दिवस ओझरला बसणार. एका म्हातारीनं आत्ताच प्रसादाचं सांगितलं.

१० डिसें., बुधवार
हॉलतिकिटाच्या निमित्तानं ना.गावला गेले. लॉज बघितले. डोक्यावरून पदर, ओळखीचं कुणी दिसलं तर औषधाच्या दुकानात शिरायचं ठरवलेलं.

पहिला. खाली बार. काउंटरवरचा मला वर-खाली बघून विचारतो, "किती तासांसाठी?"
मला आधी कळलंच न्हाई. कळलं तेव्हा कानशिलं तापली. म्हणलं, तुझ्या आईला विचार. आणि तडक बाहेर. रस्त्यावर आल्यावर मग घाबरले.

दुसरा चांगला. देवाचा फोटो, लिफ्ट, 'फॅमिली' असं लिहिलेलं. माणूस पण नीट बोलणारा. आधार कार्ड बघितलं आणि परत दिलं.
"ताई, लोकल आधार चालत न्हाई."
"म्हणजे?"
"जुन्नर तालुका हाय ना तुमचा. जवळच्या माणसाला आमी रूम देत न्हाई. मालकाचा नियम."
"आणि मी नागपूरची असते तर?"
"मग दिली असती."
"जवळचं माणूस चोर असतं का?"
तो खाली बघून म्हणाला, "ज्याचं घर जवळ, तो लॉजवर कशाला येतो ताई?"
परीक्षेला, म्हणलं. हॉलतिकीट दाखवलं. त्यानं वाचलं. माझ्या पिकल्या केसांकडं बघितलं. कार्ड पुन्हा माझ्याकडं सरकवलं.

पोरींचं होस्टेल हाय कॉलेजपाशी. महिन्याशिवाय देत न्हाईत.
घरी येताना गाडीत बसून वाटलं, जोंधळ्यातनंच जावं. ज. निदान आधार मागत न्हाई.

११ डिसें., गुरुवार
अश्विनीला फोन केला. लेक माझी, चाकणला कंपनीत. तिचं आधार पण आण्याचंच, तिचा काय उपयोग. पण ती म्हणाली थांब, मोबाईलवर बघते.
थोड्या वेळानं फोटो पाठवला. चार चांदण्या. स्वच्छ चादर. कॉलेजपासून चालत. "आई, लोकल आयडी चालतं असं लिहिलंय. हे एकच हाय."
मी म्हणलं, ते खाली बदाम काढून काय लिहिलंय?
"ते... जोडप्यांना पण चालतं म्हणून."
चालू दे की. नवराबायको काय माणसं न्हाईत? बुक कर.
ह्यांना सांगितलं, चांगलं हाय, बायामाणसं उतरतात. फोटो दाखवला. बदाम अंगठ्याखाली झाकला.

१४ डिसें., रविवार
वाचलेलं राहीना. समाजशास्त्र पाठ करते तर हिराच्या कुत्र्याचा आवाज. मग एकदम बंद. उठून दाराची कडी पुन्हा बघितली. सकाळी कुत्रं व्हतं जागेवर. पण भाकरी खात न्हाई, गोठ्यात तोंड खुपसून बसलंय.

१६ डिसें., मंगळवार. ना.गाव
मराठीचा पेपर झाला. बरा. निबंध लांब झाला, शेवटचा प्रश्न घाईत. माझ्या बाकावरची पोरगी अश्विनीपेक्षा बारकी. म्हणाली, "काकू, तुम्ही सुपरव्हिजनला ना?"

आता हाटेलात. काउंटरवरच्यानं कार्ड घेतलं, काही विचारलं न्हाई. काहीच न विचारणं पण भीतीचं असतं. मागनं दुसरं कुणी येतंय का असं दाराकडं दोनदा बघितलं फक्त.
खोली छान. चादर पांढरी. उशीवर टॉवेलाचे दोन बगळे करून ठेवलेत, चोचीला चोच. दाराएवढा आरसा, पलंगासमोर. मी असा आरसा पलंगासमोर कधी बघितला न्हाई. बगळे सोडले, आरशावर टॉवेल टाकला.
कडी ढिली हाय. टेबल ओढून दाराला लावला.
शेजारच्या खोलीत हसण्याचा आवाज. जिन्यात पोरीच्या चपला. एक जोडी खाली जाती, एक वर येती. सामान कुणाकडंच न्हाई.
आता कळला बदाम.

कुणाला सांगू? अश्विनीला ओरडले तर रडंल. ह्यांना सांगितलं तर आत्ता टेम्पो घेऊन येतील आणि उद्याचा पेपर गेला. पुस्तकं पोत्यात.
दार वाजलं तर उघडायचं न्हाई. इतिहास वाचते.

१७ डिसें., बुधवार
सकाळी चहाला खाली उतरत व्हते. मधल्या मजल्यावर एक दार उघडलं आणि बबन भावजी.
अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर शेंदूर. मागं एक बाई. तोंडाला स्टोल, नुसते डोळे. ती मला बघून परत आत गेली.
आमी दोघं जिन्यात उभे. कोण आधी बोलणार?
"वहिनी..." म्हणाले. "तुमी तर ओझरला..."
मी म्हणलं, "तुमी पण."
घाम फुटला त्यांना. "माझं ते... देवाचं दर्शन झालं, मग उशीर झाला म्हणून..."
"माझा पेपर हाय. इतिहासाचा. हे बघा हॉलतिकीट." मी त्यांना हॉलतिकीट दाखवलं! त्यांना! का दाखवलं? मी काय गुन्हा केलाय?
त्यांनी ते बघितलंच न्हाई. बघितलं असतं तर बरं व्हतं. जवळ येऊन हळू म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. आपलं आपल्यात."

आपलं?
माझं तुमच्यात काय व्हतं हो?

संध्या.
इतिहास जमला न्हाई. लिहिताना सारखं तेच. त्यांना वाटतं मी पण तशीच. वाटत नसलं तरी म्हणू शकतात. मी बोलायच्या आधी ते बोलले तर? पुरुष ओझरहून आला, बाई लॉजवर दिसली. कोण कुणावर विश्वास ठेवणार हे सांगायला बी.ए. व्हावं लागत न्हाई.

हे आत्ता फोनवर: "बबनचा फोन आला व्हता. विचारत व्हता, वहिनी कुठं उतरल्यात. मी म्हणलं ओझर. त्याला कशाला पाहिजे?"
मी म्हणलं, मला काय माहीत.
चाचपून बघतोय. ज. पण असंच करतं, हिरा म्हणती. आधी लांबून फिरून जातं.

दुसरीकडं कुठं जाऊ? दुसरा लॉज कार्ड घेणार न्हाई. पैसे परत मिळत न्हाईत. टेबल लावलाय दाराला. हिराचा फोन येऊन गेला, उचलला न्हाई. तिच्याशी काय बोलू?
तिला सांगायचं तर मी कुठं व्हते ते सांगावं लागंल. न सांगावं तर ती दर मंगळवारी त्याच्या डब्याला तूप लावून पोळ्या बांधणार. देवाला चाललेत म्हणून.

१८ डिसें., गुरुवार. घरी
समाजशास्त्र झालं. लिहिलं. हात थांबला न्हाई. तिन्ही पेपर दिले. हे आधी लिहून ठेवते, बाकी काही होवो.

सुटल्यावर ओझरला जायला वेळच नव्हता. ना.गावच्या स्टँडवर पेढे घेतले, म्हातारीच्या प्रसादाला. देवा, माफ कर.

आण्याला उतरले. हे येणार व्हते. टेम्पो बेल्ह्यात बंद पडला. खाली हिरा उभी. एका हातात काठी, एका हातात बॅटरी, काखेत ताट न् पळी वाजवायला. शेवटचा गुरुवार म्हणून नवी साडी. अंधारात. एकटी आलेली, माझ्यासाठी.
"तुमच्या घटाची पूजा पण मीच केली आक्का. उद्यापन राहायला नको. चला, माझा उपास सुटायचाय अजून."

निघालो. जोंधळा दोन्ही बाजूनं. वारा न्हाई तरी एका जागी पानं हलली का काय. दोघी थबकलो. तिनं ताट वाजवलं. मग म्हणाली, "बोला की. गप नका चालू."
मी पेढ्यांचा पुडा छातीशी धरला.
"दर्शन झालं का ओझरचं? न्हाई, आमचे पण मंगळवारी तिथंच व्हते की. काल दुपारी आले ते कुणाशी बोलंनात. मला म्हणाले, वहिनींच्या घरी लई जाऊ नको. मी म्हणलं का, तर ताट फेकलं. तुमाला भेटले का आक्का तिथं?"

डाव्या अंगाला जोंधळ्यात काहीतरी मोडलं.
"बोला आक्का! मोठ्यानं!"
मी बोलले. मोठ्यानं. पेपरात लिहिलेलं सगळं. कुटुंब ही समाजाची मूलभूत संस्था हाय. कुटुंबाची कार्ये. पहिलं, संरक्षण. दुसरं, संगोपन. हिरा ताट वाजवती आणि मी ओरडते. घसा फुटला, पण थांबले न्हाई. थांबले तर दोन गोष्टी अंगावर येणार व्हत्या, आणि कुठल्या एकीपासून मी जास्त पळत व्हते ते मलाच माहीत.

अंगणातला दिवा दिसला तशी मी गप झाले. हिरानं बॅटरी विझवली. मला वाटलं हसंल. हसली न्हाई. माझ्या तोंडाकडं बघत ताट काखेत घेतलं.
"लई बोललात आक्का," म्हणाली. "पण मी विचारलेलं तेवढं राहिलं."
आणि गेली घरात. पेढे माझ्याच हातात.

सकाळी ती विरजण न्यायला येती. रोज येती.