उजव्या पट्ट्याची पूजा

बोरगाव मेघे, वर्धा
शुक्रवार, जेवण व्हायचं आहे

ती. बापूरावदादांना चंद्रभानचा दोन्ही हात जोडून (ग्रीस धुऊन) नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? संत्र्याचा बहार टिकला असेल असं धरून चालतो. इकडे तुमची बहीण आनंदा ठणठणीत आहे. इतकी की या आठवड्यात तिचा आवाज मला चालू इंजिनावरूनही स्पष्ट ऐकू आला. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही मधेच बोलता, आणि ही हकीगत मधे बोलण्याजोगी नाही. दादा, आमचा लोडर चालला. स्वतःच्या पायांनी चालला.

लोडर म्हणजे तोच, पिवळा, चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारा. ज्या खदानीत मी विसाव्या वर्षी त्याला ग्रीस मारायला लागलो, ती बंद पडली तेव्हा मालकाच्या मागे लागून मी तो घरी आणला. या भागातली कितीतरी शेततळी त्याच्याच बकेटीनं निघाली. आमचं लग्न जमवायला तुम्ही आलात तेव्हाही आधी त्यालाच पाहिलंत (मी खाली झोपून नट आवळत होतो, माझे फक्त पाय तुम्हाला दिसले, आणि त्यावर तुम्ही होकार दिलात). पण गेली दोन वर्षं तो अंगणात उभा होता. पट्टे झिजून ढिले झालेले, वळवायला गेलं की जुन्या चपलेसारखे पायातून निसटायचे. सोमवारी तुमच्या बहिणीनं निकाल दिला. शुक्रवारी सकाळी भंगारवाला गॅस कटर घेऊन येणार. तोवर लोडर चालत रस्त्यापर्यंत गेला तर ठीक, नाही तर त्याचे तुकडे. मी म्हटलं, चार दिवसांत कसं जमेल? ती म्हणाली, "दोन वर्षांपासून तुम्ही सांगून राह्यले, मी ऐकून राह्यली. आता मी सांगून राह्यली."

तिकडे आर्वीच्या बाजूला एका बंद क्रशरवर याच जातीचा लोडर मोडून पडला होता. मंगळवारी उजाडताच तिथं गेलो आणि त्याच्या पट्ट्यांच्या एकेका कडीवर हातोडी मारून कान लावला. झिजलेली कडी भद्द वाजते, चांगली टण्ण वाजते. तिथला चौकीदार हसला. (तुमची बहीण बाजारात मडकं असंच वाजवून घेते, तेव्हा कोणी हसत नाही.) दोन्ही पट्टे टण्ण वाजले. क्रेनवाल्याला धरून दुपारी ते घरी आणले आणि सावंगीहून सदाशिवराव फिटरांना बोलावलं. हे गृहस्थ दिवसाला दहा वाक्यं बोलतात, त्यातली सात चहाबद्दल.

काम सांगायला सोपं आहे. पट्ट्याची दोन टोकं एका मोठ्या पिनेनं जोडलेली असतात. ती पिन ठोकून काढायची, जुना पट्टा उलगडायचा, नवा पुढं जमिनीवर अंथरायचा, लोडर जॅकनं उचलून त्यावर टेकवायचा आणि मोकळं टोक वरून ओढून पुन्हा पिन ठोकायची. फक्त एक ध्यानात ठेवायचं, की पट्ट्याला सुलटं-उलटं असतं. म्हणून सदाशिवरावांनी पुढच्या टोकावर खडूनं बाण काढला. बुधवारी डावा पट्टा चढला. पिन निघेना म्हणून मी घण मारत होतो आणि अर्धी गल्ली कुंपणाशी उभी राहून मला मार्गदर्शन करत होती (त्यात एक दातांचे डॉक्टरही होते, आणि खरं सांगतो, त्यांचाच सल्ला उपयोगी पडला).

गुरुवारी सकाळी तुमची बहीण बाहेर आली आणि तिच्या लक्षात आलं, की नवी वस्तू दारात येऊन बिनपूजेची चढली. ज्या मशीनचे उद्या तुकडे करायचे तिची पूजा कशाला, असं मी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं. तिनं उजवा पट्टा घागरभर पाण्यानं स्वच्छ धुतला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. प्रसाद वाटेपर्यंत सगळे हात जोडून उभे होतो. मग कामाला लागलो तेव्हा खडूचा बाण कुठं दिसेना. पण एका टोकाला कुंकू होतं. सदाशिवराव म्हणाले, "हेच पुढचं." मीही मान डोलावली. कुंकू काय कोणी मागच्या बाजूला लावते?

संध्याकाळी इंजिन सुरू केलं. दादा, दोन वर्षांनी तो आवाज! लोडर दोन पावलं सरकला, गल्लीनं टाळ्या वाजवल्या, आणि मी ब्रेक दाबला. डावीकडून सर्रसर्र येत होतं आणि उजवीकडून खट्ट, खट्ट, प्रत्येक कडीला एक. सदाशिवराव म्हणाले, "आवाज तं नव्या जोड्यालेही येते." सगळे म्हणाले, रेटा तसाच, रस्ता तीस पावलांवर आहे. तीस पावलांत मी जिंकलो असतो. पण ज्याला तरुणपणापासून ग्रीस मारलं त्याला उलटा जोडा घालून पळवायचं माझ्या जिवावर आलं. इंजिन बंद केलं, खाली झोपून पाहिलं. पट्टा उलटा. सदाशिवराव चष्मा पुसत राहिले. मी तुमच्या बहिणीला विचारलं, कुंकू त्या टोकाला काऊन लावलं? ती म्हणाली, "पूर्वेकडच्या टोकाले लावलं. देवाले पूर्व लागते. तुमच्या लोडरचं तोंड कुठं राह्यते, हे मले कोणं सांगतलं?" (बिनपूजेचा पट्टा मात्र सुलट चालतो, हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. ते मी चहाबरोबर गिळलं.)

आज पहाटेपासून पुन्हा घण. नवी ठोकलेली पिन अशी बसली होती की हलेना. आठ वाजले, नऊ वाजले. साडेनऊला भंगारवाला आला, सिलिंडर उतरवला, नळ्या जोडल्या. तेवढ्यात सदाशिवरावांनी त्याच्या हातातून पेटता कटर घेतला आणि पिनेभोवतीची कडी तापवली. मी घण मारला. तिसऱ्या घावाला पिन बाहेर! ज्या आगीनं तो कापला जायचा तिनंच तो सुटला. सव्वाबाराला पट्टा सुलट चढला, आणि दादा, लोडर निघाला. सर्रसर्र, दोन्ही बाजूंनी सारखा. रस्त्यापर्यंत मी डोळे मिटून चालवला, नुसतं ऐकत. सदाशिवरावांनी दिवसाचं अकरावं वाक्य उच्चारलं: "चालला."

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
चंद्रभान

ता. क. — लोडर रस्त्यावर पोचल्यावर आनंदा हार घेऊन येईल असं वाटलं होतं. ती टेप घेऊन आली आणि रिकाम्या जागेचं माप घेऊ लागली. तिथं तिच्या बचत गटाच्या सरगुंड्या-पापडांचं शेड होणार आहे, पत्रे सांगून ठेवलेत. भंगारवाल्यानं तुकडे न्यायला गाडी आणलीच नव्हती, हे माझ्या आत्ता लक्षात येतं आहे. रिक्षात एक सिलिंडर घेऊन आला होता बिचारा. माझं सगळं लक्ष कानात होतं, डोळ्यांनी पाहायचं राहून गेलं.

आणखी ता. क. — तर लोडरला जागा पाहिजे. तुमच्या तळेगावच्या शेतात विहिरीजवळचा पडीक तुकडा आहे. शेततळ्यासाठी तुम्ही दुसऱ्याची मशीन सांगणार असल्याचं कानावर आलं (तुमची बहीण आतल्या खोलीत फोनवर होती, मी अंगणात). ते काम मी स्वतः येऊन करून देतो. तिला मात्र सांगजा, की लोडर तुम्हीच मागवला. तेवढा माझा मान राहू द्या.

शेवटचा ता. क. — हे पत्र आणणारा माणूस ट्रेलरचा ड्रायव्हर आहे. तुम्ही विचार करायला वेळ घेता, म्हणून त्याला बजावलं आहे, की आधी लोडर उतरवायचा आणि मग पत्र द्यायचं.