हिरव्यातला निळा

४ मार्च
रंगखात्यात यंत्र आलं. हिरव्यात निळा किती, पिवळा किती, ते म्हणे उजेड सांगणार. चालवणार माझीच भाची. मीच मालकांकडे शब्द टाकून तिला चिकटवली. कापडाचा हिरवा मी डोळ्यांनी जमवतो — हातच्या काकणाला आरसा कशाला?

७ मार्च
भाचीनं समजावलं. काचेच्या डबीत रंगाचं पाणी घालायचं, आरपार उजेड सोडायचा. रंग जितका दाट, तितका उजेड जास्त पितो. "पण मामा, दोन्ही रंग एकमेकांच्या ताटातलंही खातात. म्हणून एकदा तांबडा उजेड, एकदा जांभळा. दोन आकडे आले की दोन्ही रंग वेगळे काढता येतात." मी चौथीतून शाळा सोडलेली. मान हलवली.
मग म्हणाली, "तुमच्या हिरव्यात निळा फार पडतोय. दर खेपेला वाढतोय."
मालक शेजारीच उभे. या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार?

८ मार्च
जेवण गेलं नाही.

११ मार्च
सापडलं! डबीवर माझ्याच अंगठ्याचा तेलकट डाग — उजेड तिथं अडला असणार. भाचीनं डबी पुसली, उजेड जात नाही त्या खरखरीत बाजूंनी धरून परत लावली. निळा जास्तच.
"मामा, एकदा डोळे दाखवून या ना." सगळ्यांदेखत! नाकापेक्षा मोती जड. घराच्या दाराचा हिरवासुद्धा मीच कालवलाय. येणारा-जाणारा थांबून बघतो.

१५ मार्च
मालकांना सांगितलं, पोरीची गणितं चुकतात. यंत्र ठेवा नाहीतर मला. मालक म्हणाले, "काका, तुमच्या हिरव्यावर माझं दुकान उभं आहे." भाचीला उद्यापासून येऊ नको म्हणाले.
जाताना इतकंच म्हणाली, "येते मामा."
हिला सांगितलं, बहिणीचा फोन आला तर उचलू नकोस. ही भांडी घासत राहिली.

२ मे
पायरी दिसली नाही, आपटलो. डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला, पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसत असणार. इतके दिवस करत काय होतात, म्हणे. काम करत होतो, दुसरं काय.

१० मे
उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. रिक्षातून उतरलो. दार निळं.
हिला विचारलं, "हे कधी रंगवलंस?"
"तुम्हीच रंगवलंत. पहिल्या दिवसापासून असंच आहे. तुम्हाला सांगणार कोण?"