हौसाबाईंचं पोस्टकार्ड

कोल्हापूर, गुरुवार, १२ ऑक्टोबर २००६

कॉलेजच्या रेडिओवर निवेदन मी करते, तेव्हा त्याचा इतिहास लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय. म्हणून आज केंद्रप्रमुख देसाई सरांनी श्रोत्यांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा आणून दिला. टपाल नेहमी त्यांच्याच हातून येतं. वरचंच कार्ड पेठ वडगावचं: "मंगळवारचा तुमचा कार्यक्रम फार आवडला."

मंगळवारचा? त्या दिवशी मी रजेवर होते. यंत्रं बघणाऱ्या मारुतीमामांना विचारलं, तर ते हसायलाच लागले. "मंगळवारी दिवसभर लाइट न्हवती की, बाई. कुणी ऐकलं म्हनं?"

कार्ड उलटून बघितलं. पोस्टाचा शिक्काच नाही. मग सगळा गठ्ठा बघितला. एकावरही शिक्का नाही.

सरांना तोंडावर विचारलं. चष्मा पुसत म्हणाले, "श्रोते नाहीत म्हटलं तर केंद्र बंद करतील हो. तुम्ही आपला इतिहास लिहा."

म्हणजे तीन वर्षं मी कुणाशी बोलत होते? भिंतीशी?

आणि घरी आल्यापासून वेगळीच शंका खातेय. पहिल्याच वर्षी मी हे सोडून बँकेत जाणार होते. त्याच आठवड्यात शाहूवाडीच्या हौसाबाईंचं कार्ड आलं: "पोरी, तुझा आवाज आला की घर भरल्यागत वाटतंय." मी राहिले. आपला आवाज शाहूवाडीपर्यंत पोचतो का, एवढंही विचारलं नाही.

ते कार्ड अजून पर्समध्ये असतं. आत्ता काढलं. शिक्का आहे! जीव भांड्यात पडला. मग शिक्का दिव्याखाली धरून वाचला.

कोल्हापूरचा. माझ्यासाठी तेवढे सर पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले होते.